चहाचे आधण



पंधरा वर्षांची एक मुलगी न्हाणीच्या टबात उभी आहे. तिचा बाप किटली घेऊन येतो. किटलीत चहासाठी ठेवलेले उकळते आधण आहे. तो ते पाणी तिच्या पायांवर सावकाश ओततो, आणि ओतता ओतता स्वतः रडतो. मुलीचा अपराध कोणता? आत्याच्या घरी गेली असता ती आपल्या आजोबांबरोबर एका छपराखाली राहिली आणि ही गोष्ट तिने बापाला कळवली नाही. आजोबा जुन्या देवांना मानणारे. बाप ख्रिस्ती. काफर माणसाबरोबर एका घरात राहणे हे पाप, आणि त्या पापाकडे डोळे उघडे ठेवून चालत जाणाऱ्या पायांना ही शिक्षा.

हा प्रसंग एका कादंबरीतला आहे. नायजेरियातील लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ म्हणजे ‘जांभळी जास्वंद’ ही इंग्रजी कादंबरी २००३ साली निघाली. लेखिकेची ती पहिलीच कादंबरी. मी ती शब्दकोश शेजारी ठेवून, शाळा सुटल्यावर, दीड महिना वाचत होतो. आमच्या घराण्यात इंग्रजी पुस्तक हाती धरणारा मी पहिलाच. त्यामुळे वेग बेताचा. पण वेग कमी होता हे बरेच झाले, कारण ही कादंबरी भरभर वाचण्यासारखी नाही.

आपण विचाराल, धम्माच्या पाक्षिकात आफ्रिकेतील ख्रिस्ती कुटुंबाचे काय काम? मला वाटते, आहे. धर्म बदललेल्या घराची ती गोष्ट आहे, आणि आपणही धर्म बदललेली घरे आहोत.

मुलीचे नाव काम्बिली. तिचा मोठा भाऊ जाजा, सतरा वर्षांचा. आई बीआट्रिस. एनुगू नावाच्या शहरात ही मंडळी मोठ्या बंगल्यात राहतात. बापाचे नाव यूजीन. तो कारखानदार आहे, बिस्किटे आणि सरबते बनवतो, आणि ‘स्टँडर्ड’ नावाचे एक वर्तमानपत्रही चालवतो. काळ लष्करी राजवटीचा. बाकीची पत्रे सरकारच्या ओंजळीने पाणी पितात तेव्हा यूजीनचे पत्र खरे छापते. त्याच्या संपादकाला पुढे पार्सलमधून बाँब पाठवून ठार मारले जाते. हे केवळ कल्पनेतले नव्हे. डेली गिवा नावाच्या नायजेरियन संपादकाला १९ ऑक्टोबर १९८६ रोजी लागोसमध्ये असेच टपाली बाँबने मारले होते. अशा काळात सत्तेपुढे उभा राहणारा, गरिबांच्या मुलांची फी भरणारा, गावाला सणासुदीला जेवू घालणारा हा यूजीन. गावात त्याला मान आहे. तो ढोंगी असता तर कादंबरी सोपी झाली असती. तो ढोंगी नाही. बाहेर तो खराच शूर आहे, आणि त्याच हाताने घरात बायकोला मारतो.

आणि कसे मारतो! एका रविवारी प्रार्थनेनंतर गरोदर बायकोने बरे वाटत नाही म्हणून पाद्र्याच्या घरी गाडीतून उतरायला काकू केली. घरी आल्यावर बंद दाराआडून धपधप आवाज आले. मग यूजीन तिला तांदळाच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकून खाली घेऊन गेला, आणि जिन्यावर रक्ताचे थेंब राहिले. ते थेंब मुलांनी पुसले. मूल गेले. नंतर सर्वांनी मिळून प्रार्थना केली ती कशासाठी, तर आईला क्षमा मिळावी म्हणून! दिवाणखान्यात काचेच्या कपाटावर नाचणाऱ्या मुलींच्या लहान लहान मूर्ती आहेत. मार खाल्ला की बीआट्रिस त्या मूर्ती ओल्या फडक्याने पुसत बसते. इतकेच. ती कोणाला काही सांगत नाही, मुले काही विचारत नाहीत. भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणी अशी भांडी घासत बसल्या असतील, हे मी विचारत नाही. आपणांस ठाऊक आहे.

आता त्या आधणाकडे परत येऊ. पाय भाजल्यानंतर बाप एकदा मुलीला आपली गोष्ट सांगतो. तो लहानपणी मिशनच्या शाळेत शिकला. त्याआधी रोज आठ मैल पायी चालत शाळेला गेला. पाद्र्याच्या घरी दोन वर्षे घरगडी म्हणून राबला, पुढे पाद्र्यांच्या बागेत माळीकाम करून हायस्कूल केले. बापाने शिकवले नाही, मिशनने शिकवले, ही जाणीव त्याच्या हाडात मुरली आहे. त्या शाळेत एकदा त्याच्या हातून वयात येणाऱ्या मुलाच्या हातून होते तशी चूक झाली आणि एका पाद्र्याने ती पाहिली. पाद्र्याने त्यालाच चहासाठी पाणी उकळायला सांगितले, ते भांड्यात ओतले आणि पोराचे दोन्ही हात त्यात बुडवले. हे सांगताना यूजीनच्या आवाजात राग नाही. तो म्हणतो, त्या भल्या माणसाने माझ्या भल्यासाठीच केले.

बंधू-भगिनींनो, मला सारी कादंबरी या एका वाक्यात उमगली. हिंसेतून हिंसा जन्मते असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सूड असतो: त्याने माझा बाप मारला, मी त्याचा मुलगा मारीन. तसेही होते. परंतु घराघरांत चालणारी हिंसा बहुतेक वेळा सुडाच्या वाटेने येत नाही, ती कृतज्ञतेच्या वाटेने येते. यूजीनने त्या पाद्र्याचा द्वेष केला असता, तर कदाचित मुलीच्या पायांवर पाणी ओतताना त्याचा हात थरथरला असता. त्याने पाद्र्याला वंदन केले, म्हणून पाणी पुढे गेले.

येथे मला माझ्या घरचे सांगावे लागेल. माझे बाबा लहानपणी एका मोठ्या वाड्यावर गुरे वळायला होते. एकदा म्हैस उसात शिरली म्हणून त्यांना कासऱ्याने मारले. त्याचे वळ मी लहानपणी त्यांच्या पाठीवर पाहिले आहेत. तोच माणूस मला गणितात कमी गुण पडले की कमरेचा पट्टा काढी. मी पदवीधर झालो. गल्लीत पेढे वाटताना बाबा सर्वांना सांगत होते, “मारला म्हणून शिकला.” आणि मीही मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षे मी हेच सांगत आलो, शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा.

वास्तविक पाहता मी कशामुळे शिकलो? आई बांधावर खुरपायला जाई आणि परत आल्यावर माझ्यासाठी कंदिलात तेल आहे का ते आधी पाही, त्यामुळे शिकलो. शिष्यवृत्ती मिळाली, त्यामुळे शिकलो. वसतिगृहात एका वडीलधाऱ्या मुलाने आपली जुनी पुस्तके दिली, त्यामुळे शिकलो. पट्ट्यामुळे मी एकच गोष्ट शिकलो, खोटे बोलणे. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करू लागलो. असे असून सारे श्रेय पट्ट्याला का दिले? कारण पट्टा व्यर्थ होता हे कबूल केले, तर तो मार मी विनाकारण खाल्ला असे ठरते, आणि ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याने आपल्याला विनाकारण मारले हे पोटच्या पोराला मानवत नाही. काम्बिलीलाही मानवत नाही. तिचा बाप चहा पिताना मुलांना आपल्या कपातला एक एक घोट देई. तो प्रेमाचा घोट. चहा इतका कढत असे की जीभ पोळे. आणि तिला वाटे, बापाचे प्रेम जिभेवर चटका देऊन गेले. ती तो चटका आनंदाने घेई.

मी शिक्षक झालो तेव्हा माझ्याही टेबलावर रूळ आला. सहावीच्या वर्गातल्या एका मुलाला सतराचा पाढा येईना. मी त्याच्या तळहातावर चार रूळ मारले आणि म्हटले, “तुझ्या भल्यासाठीच मारतोय.” मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून पाहतो, तर तोच मुलगा पाणपोईपाशी दुसरीतल्या एका पोराचा कान पिरगाळतो आहे आणि माझेच वाक्य माझ्याच सुरात म्हणतो आहे. त्याला पाढा अजून येत नव्हता. वाक्य मात्र एका तासात तोंडपाठ झाले होते. मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, हे मला ठाऊक होते. प्रशिक्षणात त्यावर मी प्रश्नपत्रिकाही सोडवली होती. असो.

शिक्षक म्हणून कादंबरीतला आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. काम्बिली नेहमी वर्गात पहिली येते. एकदा दुसरी आली. बाप शाळेत येतो, पहिल्या आलेल्या मुलीकडे बोट दाखवून विचारतो, हिला डोकी किती? मग खिशातून लहान आरसा काढून मुलीसमोर धरतो: तुला किती? मी एवढे कष्ट करून तुम्हाला शिकवतो ते दुसरे येण्यासाठी काय, असा त्याचा सवाल. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. तो आरसा आपल्या वस्तीत घरोघरी आहे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांच्या हाती पुस्तक म्हणून देतो, की तोंडासमोर आरसा म्हणून धरतो?

आता धर्मांतराविषयी. यूजीनने नवा धर्म स्वीकारला आणि जन्मदात्या बापाला घराची दारे बंद केली. म्हातारा गावी मोडक्या घरात राहतो. देवांचे दगड टाकून ख्रिस्ती झालास तर घर बांधून देईन, गाडी घेऊन देईन, असे मुलाने सांगितले. म्हाताऱ्याने नाही म्हटले. नातवंडांना नाताळात फक्त पंधरा मिनिटे त्याच्याकडे जाण्याची मुभा, तेथे पाणीही प्यायचे नाही. पुढे म्हातारा आजारी पडतो आणि न्सुक्का येथे विद्यापीठात शिकवणाऱ्या मुलीच्या, इफेओमाच्या, घरी येतो. तेथे एके पहाटे व्हरांड्यात बसून तो आपल्या पद्धतीने प्रार्थना करतो आणि काम्बिली लपून पाहते. तो स्वतःसाठी मागतो, मुलीसाठी मागतो, आणि त्याच कळकळीने त्या मुलासाठीही मागतो ज्याने त्याला दारात उभे केले नाही. नातीला आश्चर्य वाटते. ज्याला काफर म्हणून शिकवले, त्याच्या तोंडी शाप नाही.

मी जुन्या देवांची तरफदारी करीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुने देव सोडण्याची प्रतिज्ञा अगदी आरंभी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. ते देव आपल्याला माणूस मानत नव्हते. परंतु त्याच बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आजीने पत्र्याच्या पेटीत देवाचे टाक लपवून ठेवले होते. बाबांना ते सापडले. त्यांनी पेटी विहिरीत टाकली, आणि आजी आडवी आली तेव्हा तिला ढकलले. ती उंबऱ्यावर पडली, मनगट दुखावले. बाबा चुकीच्या बाजूला होते असे मी कसे म्हणू? टाक जायलाच हवे होते. पण आजीच्या मनातून ते गेले नाहीत. पुढे वंदनेला ती आमच्याबरोबर बसे, हात जोडी. तिचे ओठ काय पुटपुटत ते कोणी विचारले नाही. ज्या दिवशी घरात धम्म आला त्या दिवशी घरात पहिले काय घडले असे कोणी मला विचारले, तर मला तिचे मनगट आठवते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दीक्षा होऊन वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत, त्यांच्याही घरी अशी एखादी म्हातारी असेल. तिच्याशी बोलायला वेळ लागेल, आणि तो वेळ द्यावा लागेल.

कादंबरीचा शेवट अजून सांगितला नाही. यूजीन पुढे बायकोच्या पोटावर टेबल मोडतो, दुसरे मूल जाते. मुलीजवळ आजोबांचे चित्र सापडते तेव्हा तिला इतके तुडवतो की ती इस्पितळात मरणाच्या दारी जाऊन येते. बीआट्रिस एकदा म्हणते की हे घर सोडून मी जाऊ तरी कोठे? शेवटी ती घर सोडत नाही. ती नवऱ्याच्या चहात थोडे थोडे विष घालू लागते. होय, चहातच. पाद्र्याने ज्या पाण्यात हात बुडवले, बापाने ज्या कपातून प्रेमाचा घोट दिला, ज्या किटलीने मुलीचे पाय भाजले, तेच आधण फिरून यूजीनच्या ओठी आले.

तिने केले ते योग्य की अयोग्य? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे त्यांचे प्रतिपादन. या कसोटीवर बीआट्रिसला सरळ दोषी ठरवण्यास माझे मन धजत नाही. दोन मुले पोटात मेली, तिसरे इस्पितळात मरता मरता वाचले. तिला गरज नव्हती असे कोण म्हणेल? परंतु दुसरी वाट होतीच. नणंद हाक मारीत होती, घर देऊ करीत होती. ती वाट बीआट्रिसला दिसली नाही, कारण एवढी वर्षे कोणी, पाद्र्याने नाही, शेजाऱ्याने नाही, त्या घरात काय चालले आहे हे मोठ्याने उच्चारलेच नव्हते. विषाची वेळ येऊ देणाऱ्या त्या सर्वांचा हिशेब आधी झाला पाहिजे, मग तिचा. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे; त्याखाली बाईला संरक्षण मागता येते, राहत्या घरातून हुसकावण्याविरुद्ध दाद मागता येते. वस्तीतील महिला मंडळात हा कायदा किती वेळा वाचला गेला?

आणि विषाने काय साधले? पोलीस येतात तेव्हा जाजा गुन्हा अंगावर घेतो. आईला मी आधीच सांभाळायला हवे होते, हा सल त्याला खात असतो. जवळजवळ तीन वर्षे तुरुंग. याच जाजाने पहिल्या पानावर बापासमोर प्रथम नकार दिला होता, आत्याच्या अंगणातील जांभळ्या जास्वंदीच्या फांद्या आणून आपल्या अंगणात लावल्या होत्या. तुरुंगात त्याच्या पाठीवर नवे वळ उठतात, डोळे कठीण होतात. आई स्वतःशी हरवते. मारणारा मेला तरी मार चालूच राहिला, आता सरकारी हाताने.

विनयपिटकात दीघावू राजकुमाराची कथा आहे, ती आपण धम्मवर्गात ऐकली असेल. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलाचा दीघिती राजा आणि त्याची राणी यांचे राज्य हिरावले आणि पुढे त्यांचे तुकडे केले. मरताना बापाने मुलाला वैर न लांबवण्याची खूण सांगितली. तो मुलगा वाढला, वेष पालटून ब्रह्मदत्ताच्याच सेवेत शिरला, आणि एके दिवशी रानात तो राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली, तीनदा म्यान केली. राजा दचकून उठला, तेव्हा त्याने आपली ओळख सांगितली. दोघांनी एकमेकांना जीवदान दिले.

ही कथा सांगताना आपले प्रवचनकार बहुधा येथे थांबतात. थांबू नये. पुढे ब्रह्मदत्ताने दीघावूच्या बापाचे राज्य, सैन्य, कोठारे सारे परत केले. म्हणजे वैर संपले ते एकाने तलवार म्यान केली आणि दुसऱ्याने लुटलेले परत दिले तेव्हा. यूजीनने काहीच परत केले नाही. रडला, पण चुकलो म्हणाला नाही. त्याला ज्या पाद्र्याने भाजले, तोही कधी म्हणाला नाही. आणखी एक. भगवंतांनी ही कथा कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितली, आणि त्यांनी ती ऐकूनही भांडण चालूच ठेवले. शेवटी भगवंत एकटेच तेथून निघून गेले. तेव्हा एका लेखाने आपल्या घरात काही पालटेल अशी भाबडी आशा मी बाळगत नाही.

मी रूळ कपाटात ठेवला नाही, मोडला. त्या सहावीतल्या मुलाला वर्गासमोर सांगितले की मी तुला मारले ती माझी चूक होती. वर्ग हसला. तोही हसला, आणि मग मला टाळू लागला. पाढा आम्ही चिंचोक्यांवर केला, तीन आठवडे लागले.

गेल्या पौर्णिमेला बाबा ओट्यावर बसले असता मी त्यांना ही कादंबरी तोंडी सांगितली. पट्ट्याचा आणि पेटीचा विषय काढला नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले. बराच वेळ तंबाखू मळत होते. मग विचारले,

“त्या पोरीचं पाय बरं झालं का?”

“झाले,” मी म्हटले, “चालते, फिरते पुढे.”

“आणि पोरगा?”

“सुटणार असतो. सुटलेला दाखवलेला नाही.”

बाबांनी मळलेली तंबाखू तोंडात न टाकता पुन्हा चंचीत भरली आणि आत जाऊन आजीच्या तसबिरीखालचा दिवा विझला होता तो लावला.